दुसऱ्यांदा

चन्नाप्पा पट्टणशेट्टी यांच्या सकाळीत गेल्या कित्येक वर्षांत फारसा फरक पडलेला नव्हता. उजाडण्यापूर्वी उठून ते अंघोळ उरकत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढत आणि गळ्यातले लिंग डाव्या तळहातावर घेऊन देवघरासमोर बसत. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचे नाही असा दंडक होता. खरे तर तो त्यांच्या एकट्यासाठीच होता, कारण उरलेला दिवसभर त्यांचा आवाज थांबत नसे. पूजा आटोपली की महादेवी चहा आणि चटणी लावलेली शिळी भाकरी पुढे ठेवी. तिच्याशी ते निम्मे कन्नडात आणि निम्मे मराठीत बोलत. वडील संकेश्वराकडून गुळाच्या अडतीसाठी कोल्हापुरात आले तेव्हापासून या घराची भाषा अशीच दोन्हीकडून शिवलेली होती. मग पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि शुक्रवार पेठेतल्या त्या अरुंद जिन्याखाली लेकाने सुरू करून ठेवलेली स्कूटर. सोमेश पुढे, ते मागे. मार्केट यार्डात जायच्या वाटेवर गंगावेशीच्या दूध कट्ट्याशी थांबायचे, समोर पिळलेले म्हशीचे दूध उभ्या उभ्या प्यायचे, मिशीवरचा फेस उपरण्याने पुसायचा आणि निघायचे. दिवाळी तोंडावर आली होती. हवेत गारवा होता, रस्त्यावर आकाशकंदिलांच्या काठ्या मांडायला सुरुवात झाली होती, आणि कट्ट्यावर नेहमीच्या म्हाताऱ्या गवळ्याच्या जागी त्या दिवशी कोणी दुसराच, पन्हाळ्याकडचा, धारेला बसला होता.

सोमेशने स्कूटर लावली आणि पुढे होऊन सांगितले, “दोन ग्लास. एकात साखर घालू नको.” चन्नाप्पांनी त्याच्या खांद्यामागून सांगितले, “दोन ग्लास. एकात साखर घालू नको.” गवळ्याने मान हलवली, धार संपवली, आणि फळीवर ओळीने चार ग्लास मांडून भरले. दोन गोड, दोन बिनसाखरेचे. चन्नाप्पा त्या चार ग्लासांकडे बघत राहिले. चार कशाला, असे त्यांनी विचारले तेव्हा त्या माणसाने अगदी सरळ मनाने उत्तर दिले, “दोन ह्येंनी सांगितलं, दोन तुमी सांगितलासा. येगळं येगळं हाय असं वाटलं, पावणं.” यात चेष्टा नव्हती. त्याला खरेच तसे वाटले होते. सोमेश मात्र हसू लागला. ते हसूही नवे होते, नाकातून फुसकन न निसटता तोंडभर उमटणारे. “राहू दे की,” तो म्हणाला, “दोन आमची, दोन अप्पांच्या सवयीची.” बाजूला उभे असलेले दोघे-तिघे हसले, गवळीही हसला, आणि चन्नाप्पाही हसले. पण दुसरा ग्लास तोंडाला लावतानाही त्यांची नजर त्या फळीवरच होती.

स्कूटर शाहूपुरीच्या दिशेने निघाली तरी ते चार ग्लास त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. गवळ्याने सोमेशचे बोलणे ऐकले होते. कानामागे हात धरून नाही, भुवया जवळ आणून नाही, दुसऱ्याने काही सांगावे म्हणून इकडेतिकडे बघत नाही. एका माणसाने सांगितले आणि दुसऱ्याने ऐकले, इतके साधे. ज्या गोष्टीसाठी आपण एकतीस वर्षे जगलो ती अशी म्हशीच्या पाठीशी, एका अनोळखी माणसाच्या साध्या चुकीतून समोर येईल असे त्यांना वाटले नव्हते. छातीत काहीतरी भरून आले होते आणि त्याच्या तळाशी एक बारीक टोचही होती. ती कसली ते त्यांना नीट धरता येईना. समोर सोमेशची पाठ होती. रुंद, उन्हात रापलेली मान, कॉलरपाशी नुकतेच कापलेले केस. ही मान पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती बोटाएवढी होती आणि महादेवी रडत होती, कारण पाजलेले दूध बाळाच्या नाकातून बाहेर येत होते. ओठ धड होता, चेहरा देखणा होता. दोष आत होता, टाळूला, म्हणून बघायला आलेली माणसे बाळ छान आहे म्हणत आणि दूध पाजायची वेळ झाली की गप्प होत. महादेवीने त्याला बोंडल्याने, चोचीच्या त्या इवल्या भांड्याने, थेंब थेंब, बसते धरून वाढवले. चालायला लागल्यावर मिरजेला नेऊन टाळू शिवून आणली. भोक बुजले, अन्न नाकात जायचे थांबले, पण शिवलेली टाळू आखूड राहिली. बोलताना घशामागचे दार मिटत नसे आणि सगळा वारा नाकाकडे पळे. ‘ब’ उच्चारायला जावे तर ‘म’ बाहेर पडे, ‘ग’ तर घशातच कुठेतरी हुंकारासारखा विरून जाई. ज्यांच्या घरात तीन पिढ्या गुळाचा व्यापार, त्या घरच्या पोराला ‘गूळ’ म्हणता येत नव्हते.

दुसऱ्यांदा सांगण्याची सुरुवात शाळेच्या पहिल्या दिवशी झाली. बाईंनी नाव विचारले, पोराने ते सांगितले, आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलाने नाक चिमटीत धरून तसेच म्हणून दाखवले. वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी वाकून पुन्हा विचारले, आणि सोमेशने दाराकडे, बापाकडे, पाहिले. यार्डात दोनशे माणसांच्या गलक्यावर चढणारा आवाज होता चन्नाप्पांचा. त्यांनी उंबऱ्यातूनच सांगितले, “सोमेश. सोमेश चन्नाप्पा पट्टणशेट्टी.” वर्ग चिडीचूप झाला. त्या क्षणी त्यांना जे वाटले ते त्यांनी पुढे कधी कोणाला सांगितले नाही. आपल्या आवाजाला आज खरे काम मिळाले, असे ते काहीसे होते. मग ते काम वाढत गेले. बँकेत, एसटीच्या खिडकीशी, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, फोनवर. सोमेश बोले आणि त्याच्या बोलण्याच्या मागोमाग, शेपटासारखे, तेच शब्द चन्नाप्पांच्या तोंडून येत. पुढे पुढे तर लोक सोमेश बोलू लागला की त्याच्याकडे न बघता चन्नाप्पांकडे बघू लागले, पाऊस येणार का ते पाहायला माणूस ढगाकडे न बघता रेडिओकडे बघतो तसे. सोमेश बी.कॉम. झाला, पेढीचे संगणकाचे काम त्याने अंगावर घेतले. गुळाची ढेप, म्हणजे रवा, न फोडता नुसत्या वासावरून गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा ते तो ओळखू लागला. पण सौदा पुकारायची वेळ आली की तो ओट्याखाली उतरून माल दाखवायचा आणि चन्नाप्पा वर उभे राहून पुकारायचे. हे कोणी ठरवले नव्हते. पाणी उताराला जाते तसे ते झाले होते.

आणि तरी सगळे दुसऱ्यांदा सांगितले जात नसे. हे फक्त दोघांना ठाऊक होते. एकदा अमरसिंह नावाचे बडे खरेदीदार उत्तम मालाला पडेल भाव देऊ करून बसले होते, तेव्हा सोमेश खालून, सुरी पुसता पुसता, नाकातल्या नाकात म्हणाला होता की शेठ, एवढ्या भावात गूळ मिळत नाही, नुसता वास घेऊन जावा. शेठनी नेहमीप्रमाणे चन्नाप्पांकडे पाहिले. चन्नाप्पांना आतून हसण्याची उबळ आली होती, पण ते म्हणाले, “थोडं वाढवा म्हणतोय, शेठ.” असे किती वेळा झाले. पोराची जीभ तिखट होती, नेमकी होती, माणसाची नक्कल एका शब्दात उभी करणारी होती, आणि चन्नाप्पा तिच्यातला तिखटपणा काढून, धुऊन पुसून, लोकांना देत. यार्डात सोमेशची ख्याती मऊ स्वभावाचा, कामापुरते बोलणारा मुलगा अशी होती. चेष्टा सगळी चन्नाप्पांच्या एकट्याच्या वाट्याला येई. दुपारी पेढी रिकामी झाल्यावर, तक्क्याला टेकून, डोळे मिटून ते दिवसभराची शिल्लक आठवत आणि पोट हलवून हसत. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा झोपेत हसतो आहे. आता स्कूटरवर, दसरा चौकाच्या वळणावर, ती टोच नेमकी कुठे आहे ते त्यांना उमगले. कट्ट्यावर आज चार अनोळखी माणसे सोमेशच्या बोलण्यावर हसली होती. जे इतकी वर्षे आपल्या एकट्याचे होते ते पहाटेच्या कट्ट्यावर असे सर्वांसाठी वाटले गेले होते. या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी उगाचच खाकरून घसा साफ केला. पुढून सोमेशने विचारले, “काय वं अप्पा?” ते म्हणाले, “काय न्हाय. थंडी हाय.”

मे महिन्यात सोमेशला घेऊन ते शस्त्रक्रियेला गेले तेव्हा लाज नव्हती, भीती होती. डॉक्टर मधुवंती इनामदार चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सोमेशच्या नाकातून बारीक दुर्बीण घालून पडद्यावर घशाचा मागचा भाग दाखवला आणि त्याला ‘पपई’ म्हणायला लावले. पडद्यावर गुलाबी टाळू वर उचलली गेली, मागच्या भिंतीकडे झेपावली आणि पोचायच्या आत थांबली. मध्ये काळी फट उरली. एकतीस वर्षांचा सगळा प्रकार त्या फटीत होता. चन्नाप्पांना आठवत होते की ती फट पाहून त्यांना राग आला नाही, उलट तिची कीव आली. किती लहान होती ती. डॉक्टरांनी सांगितले की मागच्या भिंतीचे मऊ पदर उचलून ही जागा अरुंद करता येईल, पण इतक्या आत, तोंडातून जाऊन टाके घालणे अवघड असते, म्हणून त्या यंत्राच्या हातांनी ते करणार. रोबोट म्हटल्यावर चन्नाप्पांच्या डोळ्यांसमोर जत्रेतल्या खेळण्यासारखा पत्र्याचा माणूस उभा राहिला होता. डॉक्टरांनी मोबाइलवर चित्र दाखवले. प्लास्टिकचे आवरण चढवलेले लांब बाहू टेबलावर वाकलेले, आणि खोलीच्या कोपऱ्यात, रुग्णापासून चार हात दूर, डॉक्टर एका खोक्यात डोळे घालून बसलेल्या. जत्रेत पोरे सिनेमाच्या खोक्याला डोळे लावून बसत, अगदी तसे. चन्नाप्पांना ते पटेना. त्यांनी विचारले, “म्हंजे तुमी लांब बसणार. मग माझ्या पोराजवळ कोण?”

“मीच,” डॉक्टर म्हणाल्या. “काका, माझा हात तोंडात जातो, पण आत वळत नाही. या बाहूंचं मनगट आत वळतं. मी इथं जेवढं बोट हलवीन तेवढंच ते तिथं हलणार, माझ्या हाताला कंप असला तरी तो तिथं पोचणार नाही. आणि फट मला एवढी मोठी दिसणार.” त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले, दाराच्या चौकटीएवढे. मग त्या म्हणाल्या, “एक मात्र आधीच सांगते. आम्ही फक्त रस्ता करून देणार. चालायचं त्याला आहे. जुन्या सवयी घशाला लागलेल्या असतात, त्या मोडायला महिने लागतील. घरच्यांनी धीर धरायचा.” चन्नाप्पांनी हे वाक्य सवयीने सोमेशला मोठ्याने पुन्हा सांगितले. सोमेश म्हणाला की अप्पा, मला ऐकू येतं, फक्त बोलता येत न्हाय. ते त्याने इतक्या फाटक्या, नाकी स्वरात म्हटले की डॉक्टरांना कळले नाही, आणि चन्नाप्पांनी तेही दुसऱ्यांदा सांगितले नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा उन्हाळा त्यांना आता सुगीसारखा आठवे. पहिले काही दिवस सोमेश नुसता ताक आणि पेज घेई, उशीला टेकून अर्धवट बसून झोपे, आणि घोरे. आयुष्यात तो कधी घोरला नव्हता. महादेवी घाबरून उठली, पण डॉक्टरांनी बजावून ठेवले होते की जागा अरुंद झाल्यामुळे काही दिवस असे होईल, श्वास अडखळतो असे वाटले तरच कळवा. चन्नाप्पा अंथरुणात पडून ते घोरणे लक्ष देऊन ऐकत राहिले. तिथे काहीतरी आहे, वाऱ्याला अडवणारे काहीतरी आता तिथे आहे, याचा तो पुरावा होता. मग आदिती नावाची वाचा शिकवणारी तरुण बाई आली आणि तिच्याबरोबर एक हातआरसा. ती तो सोमेशच्या नाकाखाली धरी आणि ‘पाटी, पाटी, पाटी’ म्हणायला लावी. आरशावर धुके धरले की वारा नाकातून गेला, कोरा राहिला की जमले. पावसाळा सुरू झाला, छत्र्या वाळत पडल्या, स्वयंपाकघरात कुबट वास धरला, आणि त्या सगळ्यात घरभर ‘पाटी’ चालले होते. महादेवी भाकरी थापता थापता स्वतःच पाटी पाटी म्हणू लागली. एके दिवशी आरसा कोरा राहिला. पुसून पुन्हा धरला, तरी कोरा. आदितीने पुढचा शब्द तुम्हीच निवडा म्हटले. सोमेशने कोणाकडे पाहिले नाही. जीभ मागे नेली, टाळूला टेकवली, आणि म्हणाला, “गूळ.” त्या अक्षराला कडा होत्या. रवा साच्यातून उलटा करून ठेवल्यावर जशा असतात तशा. महादेवीने पिठाच्या हाताने तोंड झाकले आणि कन्नडात देवाचे नाव घेतले. चन्नाप्पा, ज्यांचा आवाज यार्डाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचे, उठून बाहेर गेले. जिन्याखाली जाऊन त्यांनी स्कूटर पुसली. ती पुसायची काही गरज नव्हती.

त्या सकाळी कट्ट्यावरून पेढीवर पोचल्यावर सोमेशने पाडव्याचा विषय काढला. दिवाळीच्या पाडव्याला यार्डात मुहूर्ताचे सौदे होतात. वजनकाट्याची पूजा होते, पहिल्या रव्याला हळदकुंकू लागते, आणि प्रत्येक अडतीत पहिला सौदा घरचा कर्ता पुकारतो. दसऱ्याला सोमेशने विचारले होते की यंदा मी पुकारू का, आणि चन्नाप्पा एका श्वासात हो म्हणून गेले होते. तेव्हापासून तो रोज दुपारी मागच्या गोदामात, पोत्यांच्या थप्प्यांसमोर उभा राहून सराव करी. आता गादीवर बसता बसता तो म्हणाला की यंदा पहिला मान गगनबावड्याच्या धोंडुबाईंच्या मालाला द्यायचा आहे, माल सुरेख आहे. चन्नाप्पांना मनातल्या मनात ते गाव ऐकू आले. ग, ग, ब, ड. जुन्या सोमेशला ते नाव म्हणजे काट्यांचे कुंपण होते. ते म्हणाले, भ्यायचं नाही, मी ओट्यावर मागे उभा आहेच. सोमेशने हातातली किल्ली खाली ठेवली.

“अप्पा, तेच नको.”

चन्नाप्पांना कळले नाही, किंवा कळूनही त्यांनी काय नको ते विचारले. सोमेश शब्द जुळवत नव्हता, आता त्याला तशी गरजच उरली नव्हती. तरी तो सावकाश बोलला. “तुमी मागं उभं राहिलासा तर लोक माझ्याकडं बघायचंच न्हाईत. मी चांगलं बोललो तरी तुमचंच ऐकणार. आणि चुकलो, तर माझं मला दुसऱ्यांदा सांगू दे की. सकाळी बघितलासा न्हवं, चार ग्लास आलं.” मग त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. “पाडव्याला एकाच मालाचं दोन सौदे झालं तर धोंडुबाई आपल्याला काट्यावर घालंल.” चन्नाप्पा हसले. हसता हसता म्हणाले की बघू. त्या ‘बघू’चा अर्थ दोघांनाही माहीत होता. तो सौद्यात वापरायचा शब्द होता, हो नाही आणि नाहीही नाही. त्या दुपारी गोदामातून सरावाचा आवाज येत होता आणि गादीवर बसलेल्या चन्नाप्पांचे ओठ, त्यांच्या नकळत, प्रत्येक वाक्यामागून हलत होते. समोरच्या काचेच्या कपाटात त्यांना ते दिसले. त्यांनी ओठ मिटले. पुढच्या वाक्याला ते पुन्हा हलले. घरी जेवताना त्यांनी महादेवीला सांगितले की पोराच्या आवाजात अजून जोर नाही, पाडव्याचा गलका त्याला झेपायचा नाही, धोंडुबाईचा वर्षाचा माल आहे, भाव पडला तर तिला काय सांगायचे. हे सगळे खरे होते. महादेवीने भाकरीवर तूप सोडले आणि म्हणाली, “बोंडलं मी कवा सोडलं, आठवतंय? दूध नाकातनं येईल म्हणून भीती होतीच की. तरी सोडलं.” आणि थोड्या वेळाने, ताट उचलताना, “साकु आता. पुरे.” ती सोमेशला म्हणाली की त्यांना, याबद्दल शंकेला जागा नव्हती, कारण सोमेश जेवून कधीच उठला होता.

पाडव्याच्या सकाळी यार्ड झेंडूने पिवळे झाले होते. ट्रॅक्टर, टेम्पो, नव्या गुळाचा कोवळा, किंचित जळकट वास, हमालांच्या डोक्यावर नवे पटके, खरेदीदारांच्या खिशांना लावलेली अत्तराची बोटे. चन्नाप्पांनी काट्याची पूजा केली, नारळ फोडला, आणि नेहमीच्या जागी ओट्यावर न चढता खाली, मालाच्या बाजूला उभे राहिले. एवढे आपण करू शकतो असे त्यांनी ठरवले होते, त्यापुढचे ठरवले नव्हते. शेजारी धोंडुबाई होती, सत्तरीची, काळी, काठीवर दोन्ही हात ठेवून उभी. ओट्यावर सोमेश चढताना पाहून तिने विचारले की ह्यो पुकारणार काय, आणि चन्नाप्पांनी हो म्हटल्यावर ती त्यांच्याकडे बघतच राहिली. “चन्नाप्पा, तुजं डोस्कं जाग्यावर हाय न्हवं? वर्सभर राबलोय आमी.” ते म्हणाले, “पुकारतोय त्यो. ऐक.” वर सोमेशने नवा सदरा घातला होता. त्याने गर्दीवर नजर फिरवली, श्वास घेतला आणि पहिले वाक्य पुकारले. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या अडतीत फटाक्यांची माळ लागली. सोमेशचा आवाज स्वच्छ होता, पण कोरडा पडला होता, आणि त्या कडकडाटात तो पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही. माळ संपली. धूर तरंगत राहिला. आणि मग जे व्हायचे तेच झाले. अमरसिंह शेठ, त्यांच्यामागचे चौघे, कारकून, हमाल, सगळ्यांच्या माना ओट्यावरून वळल्या आणि खाली उभ्या असलेल्या चन्नाप्पांवर स्थिर झाल्या. कोणी मुद्दाम केले नव्हते. रोज जिथून आवाज यायचा तिकडे ती माणसे बघत होती. धोंडुबाईने काठीने त्यांच्या पायाला डिवचले. “सांग की रं.”

चन्नाप्पांच्या छातीत वाक्य तयार होते. गगनबावडा, धोंडुबाई, माल, बोली. सगळे जिभेपर्यंत आलेले होते, ओठ उघडलेही होते. वर्गाच्या उंबऱ्यातला तो दिवस, ती चिडीचूप शांतता, आपल्या आवाजाला मिळालेले ते काम, सगळे त्या एका श्वासात मागे उभे होते. त्यांनी वर पाहिले. सोमेश त्यांच्याकडे बघत नव्हता. तो गर्दीकडे बघत होता, एकटा. चन्नाप्पा खाली वाकले. नमुन्यासाठी फोडलेला रवा पाटावर होता. त्यांनी त्यातला बऱ्यापैकी मोठा खडा, लिंबाएवढा, उचलला आणि सगळ्यांच्या देखत तोंडात घातला. अडतीतले लोक चकित झाले. पुकार चालू असताना पुकारणाऱ्या घरच्या माणसाने माल तोंडात घालायचा नसतो, त्यांच्या वडिलांनी ते कधी केले नव्हते, त्यांनीही नाही. गालफड फुगले. आता हवे असते तरी बोलता येणार नव्हते. त्यांनी दोन्ही हात पसरून लोकांना दाखवले की मी काय करू, माझे तोंड भरलेले आहे, आणि डोळ्यांनी ओट्याकडे खूण केली. माना परत फिरल्या.

वर सोमेशने पुन्हा श्वास घेतला. या वेळी सगळे यार्ड त्याच्याकडे बघत होते. “गगनबावड्याच्या धोंडुबाई पाटील,” तो म्हणाला, आणि प्रत्येक अक्षर जिथे सुरू व्हायला हवे तिथे सुरू झाले आणि जिथे तुटायला हवे तिथे तुटले. “नवा माल, पहिला घाणा. बोला.” कोणीतरी बोलले. कोणी वाढवले. अमरसिंह शेठनी सवयीप्रमाणे एक पडेल आकडा टाकला आणि ते गालात हसले. सोमेश म्हणाला, “शेठ, तेवढ्यात वास मिळतोय. पाडवा हाय म्हणून वास फुकट घ्या. गुळाचं काय बोलतासा ते बोला.” आधी कोणाला उमजले नाही की हे सोमेश बोलला. मग हशा पिकला, मागच्या हमालांपासून पुढच्या खरेदीदारांपर्यंत, धोंडुबाई काठीसकट हलू लागली, आणि अमरसिंह शेठ स्वतः मांडीवर थाप मारून म्हणाले की आयला, ह्यो असा हाय व्हय, इतकी वर्षं कुठं लपवून ठेवलं होतंसा चन्नाप्पा. बोली झपाट्याने चढू लागली. चन्नाप्पांनी फुगलेल्या गालफडाकडे बोट दाखवले. गूळ जिभेवर सुटत होता. तो त्यांनी टाळूला दाबून धरला होता, त्या अखंड, मऊ, आजवर कधी लक्षातही न आलेल्या टाळूला, आणि गोडी घशाकडे उतरत होती. डोळ्यांतून पाणी येत होते. ते त्यांनी पुसले नाही, कारण हसूनही येते. वर सोमेशने शेवटचा भाव एकदा म्हटला, दोनदा म्हटला, हात वर केला. दुसरा माल पुढे आणण्याची हाक आली. तोंडातला खडा विरत चालला आहे हे चन्नाप्पांना जाणवले, आणि कोणी बघायच्या आत ते वाकले आणि त्यांनी दुसरा उचलला.